खाडीच्या दक्षिण तीरावर

दोन सज्ञान पुरुषांनी राजीखुशीनं ठेवलेला संबंध हा गुन्हा नाही, असा निकाल दिल्लीच्या उच्च न्यायालयानं दिला तो गुरुवार होता. त्या दिवशी दुपारी गुरुजी आमच्या घरी होते. मी त्यांना एक गोष्ट विचारली. ते नाही म्हणाले आणि निघून गेले.

भाईंदरमध्ये त्यांना सगळे खाडीवाले गुरुजी म्हणत. पूजेच्या सुरुवातीला संकल्प सोडतात, त्यात आपण पृथ्वीवर नेमके कुठे बसलो आहोत ते देवाला सांगायचं असतं. बाकीचे गुरुजी पोथीत छापलंय तेच म्हणतात, गोदावरीच्या दक्षिण तीरावर. आमच्या गुरुजींना ते चालत नसे. "गोदावरी नाशकाला. तू राहतोस भाईंदरला. देवासमोर पत्ता खोटा देऊ नये," असं म्हणून ते ठणकावून सांगत, "वसईखाड्याः दक्षिणे तीरे." पुढे आमच्या संकुलाचं नाव आणि "बी विंग, तृतीय तले" हेही यायचं. नवीन लोक हसत. गुरुजी थांबत, हसणं संपू देत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत.

माझे वडील भाईंदरच्या एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या खात्यात होते. मूळचे आम्ही रत्नागिरीकडचे. वडील गेले तेव्हा मी दहावीला होतो. दहाव्याचे विधी गुरुजींनी केले. ते संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, आता आईला जप वगैरे सांगतील. त्यांनी विचारलं, "पुढे काय वाचणार?" काय शिकणार असं नाही, काय वाचणार. तेव्हापासून दर रविवारी मी भाईंदर पश्चिमेच्या त्यांच्या दोन खोल्यांत जायचो. ते पोथी वाचायला लावत आणि एक अक्षर गिळलं तरी पान उलटू देत नसत. मी पुढे एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात लागलो, त्याचं मूळ त्या रविवारांत आहे.

त्यांची पिशवी कापडी, पण तिच्यात पोथ्या साडीच्या दुकानातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या असत. रिक्षात बसले की ती मांडीवर घ्यायची आणि रिक्षावाल्याला सांगायचं, "भैया, हळू चलाव. मेरे पास देव है." रिक्षावाले खरंच हळू चालवायचे.

आई गेल्यावर मी भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोकला घर घेतलं. मी म्हणजे मी आणि अनिल. अनिल एका रुग्णालयात एक्स-रे काढायचा. सोसायटीत आम्ही मावसभाऊ होतो. गुरुजींनाही मी तेच सांगितलं. त्यांनी वास्तुशांत केली आणि त्यानंतर दर श्रावणात आमच्याकडे सत्यनारायण सांगायला ते येऊ लागले. पूजेला मी एकटा बसायचो. अनिल स्वयंपाकघरात प्रसादाचा शिरा करायचा. तो शिरा गुरुजींना इतका आवडला की त्यांनी त्याचं नावच प्रसादवाला ठेवलं.

दोघांची चांगली जुंपायची. अनिल एकदा म्हणाला, "गुरुजी, रोज चाळीस माणसांच्या छातीच्या आरपार बघतो मी. आत्मा काही दिसला नाही अजून."

गुरुजी शिरा खातच म्हणाले, "तुम्ही त्यांना काय सांगता? श्वास रोखून धरा. मग कसा दिसेल?"

अनिल हा किस्सा रुग्णालयात वर्षभर सांगत होता.

त्याच सुमाराला त्यांचं विसरणं सुरू झालं. एकदा जवळच्या मुर्धा गावात एका कोळ्याच्या घरी पूजा होती. मी त्यांची पिशवी घेऊन बरोबर गेलो होतो. सत्यनारायणाला नवरा-बायकोनं जोडीनं बसायचं असतं. बायको हयात नसली किंवा बाहेरगावी गेली असली, तर तिच्या जागी पुरुष कमरेला सुपारी खोचून बसतो. यजमान पाटावर येऊन बसला. गुरुजींनी पिशवीतून सुपारी काढली आणि त्याच्या हातात दिली. "खोच." तो बिचारा खोचायला लागला. तेवढ्यात आतून त्याची बायको हातातल्या झाऱ्यासकट बाहेर आली.

"गुरुजी, मी हाय ना अजून! मेले न्हाय, कुटं पलाले न्हाय, आत भजी तलते!"

सगळं घर हसलं. गुरुजीही हसले. पण परत येताना रिक्षावाल्याला हळू चालव म्हणायचंही ते विसरले.

तर तो गुरुवार. गुरुजी श्रावणातली तारीख ठरवायला आले होते. अनिलची रात्रपाळी झाली होती, म्हणून तोही घरी होता. टीव्हीवर एका हिंदी वाहिनीनं निरनिराळ्या धर्मांचे चार-पाच जण एका ओळीत बसवले होते आणि ते सगळे एकच बोलत होते, की आज हे, उद्या यांची लग्नंही लावायला लावतील.

"बघा गुरुजी," अनिल स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाला, "सगळे धर्म एक झाले. आमचे उपकार माना."

तो 'आमचे' म्हणाला. म्हणून गेला की मुद्दाम म्हणाला, हे मी त्याला नंतर कितीदा विचारलं. तो सांगत नाही. गुरुजींनी डायरी उघडलेली होती, हातात पेन होतं. त्यांनी अनिलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आता मला पुढे बोलणं भाग होतं. मी म्हणालो, "गुरुजी, आम्ही मावसभाऊ नाही."

त्यांनी पेन डायरीत ठेवलं. मग इतकी वर्षं मनात घोळवलेलं वाक्य मी एका दमात बोलून टाकलं. "कायद्याचं होईल तेव्हा होईल. आमचं लग्न तुम्ही लावाल का? इथेच, घरात. कोणी नको. तुम्ही आणि आम्ही दोघं."

गुरुजींनी टीव्ही बंद करायला सांगितला. मग म्हणाले, "तुला पोलिसानं धरून न्यावं असं मला कधी वाटलं नसतं. ते गेलं, बरं झालं. पण हे दुसरं आहे. हे माझ्याच्यानं होणार नाही."

"आणि उद्या कायदा झाला तर?"

"तर रजिस्ट्रारकडे जा. सरकारनं तुम्हाला काय द्यायचं ते द्यावं, मी आडवा येणार नाही. पण माझ्या तोंडातला मंत्र सरकारचा नाही. तो जबरदस्तीनं काढला तर मी टेपरेकॉर्डर झालो."

"जबरदस्ती कोण करतंय?" अनिल म्हणाला. "आम्ही विचारतोय. जबरदस्ती आमच्यावर झालीये, गुरुजी. पाच वर्षं मी तुमच्या पूजेला गॅससमोर बसतोय."

गुरुजींना हे लागलं. त्यांनी डायरीचं तेच पान दोनदा सरळ केलं. ते हळू म्हणाले, "जे मला खरं वाटत नाही ते देवासमोर मी कसं बोलू? पत्तासुद्धा खोटा सांगत नाही मी."

"आम्हीही खोटाच पत्ता सांगत होतो," मी म्हणालो. "आज खरा सांगितला."

डायरीत तारीख न लिहिता त्यांनी ती मिटली. पेन आतच राहिलं. ते गेल्यावर अनिल म्हणाला, "झालं तुझं समाधान?" माझं समाधान झालं नव्हतं, आजही झालेलं नाही. ते चुकले असं म्हणवत नाही आणि बरोबर होते असंही म्हणवत नाही. कोणाच्या तोंडातून मंत्र ओढून काढावा असं मला वाटत नव्हतं. पण ज्यानं मला वाचायला शिकवलं, त्याच्याच पोथीत आम्हाला जागा नसावी, हेही सहन होत नव्हतं.

त्या श्रावणात ते आले नाहीत. मी दुसरे एक गुरुजी बोलावले. तरुण होते, भराभर सांगत होते. "गोदावर्याः दक्षिणे तीरे" म्हणाले आणि माझा हात थांबला. त्यांना वाटलं, मला पळीनं पाणी सोडता येत नाही. त्यांनी माझा हात धरून सोडवलं.

भाद्रपद संपता संपता गुरुजी आमच्या ग्रंथालयात आले. मला भेटायला नव्हे. शिपायाकरवी त्यांनी धर्मशास्त्राचे जाडे खंड मागवले आणि खिडकीपाशी बसले. तीन दुपारी आले. पंचावन्न वर्षं पौरोहित्य केलेला माणूस शाळेतल्या पोरासारखा ओळीखाली बोट ठेवून वाचत होता. तिसऱ्या दिवशी खंड परत करायला ते माझ्या टेबलाशी आले.

"जे सापडलं ते तुझ्या बाजूचं नाही," ते म्हणाले. "पण मी शोधलं नाही असं म्हणू नकोस."

मी म्हणालो, "नाही म्हणणार."

"या खंडाची बांधणी सुटलीये. शिवून घे." एवढं बोलून ते गेले.

मार्गशीर्षात एके दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. "पौर्णिमेला येतोय. चौरंग काढून ठेव." मी काही विचारायच्या आत फोन ठेवला. अनिल त्या आठवड्यात रत्नागिरीजवळ त्याच्या गावी होता. त्याच्या आईचं ऑपरेशन झालं होतं. पौर्णिमेला गुरुजी आले. जिना चढून आल्यावर बराच वेळ दाराशीच बसले. मग घरात नजर फिरवून विचारलं, "प्रसादवाला?"

"गावाला गेलाय. आई आजारी आहे त्याची."

"बरं."

मी पाटावर बसलो. केळीचे खांब त्यांनी स्वतः बांधले, कलश ठेवला, विड्याची पानं मांडली. मग पिशवीत हात घालून एक सुपारी काढली आणि माझ्यापुढे धरली.

"खोच."

इतकी वर्षं मी त्या पाटावर एकटा बसत आलो होतो आणि गुरुजींनी मला कधी सुपारी दिली नव्हती. लग्न न झालेल्याला ती लागतच नाही. मी ती घेतली आणि सोवळ्याच्या निऱ्यांपाशी कमरेला खोचली. त्यांनी डोळे मिटले आणि खाडीचं नाव घेतलं, दक्षिण तीराचं घेतलं, बी विंगचं घेतलं.

मी विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित म्हणाले असते, "अरे, विसरलोच," आणि परत मागितली असती. किंवा म्हणाले असते, "हो, समजूनच दिली," आणि मग ते वाक्य त्यांना जन्मभर बाळगावं लागलं असतं. मी दोन्हींना भ्यालो. शिरा मी केला होता. एक घास खाऊन गुरुजी म्हणाले, "गुठळ्या झाल्यात. त्याला लवकर बोलव." बस, एवढंच.

अनिल परत आल्यावर मी त्याला सुपारी दाखवली. त्यानं ती हातात घेऊन फिरवून पाहिली. "ही म्हणजे मी?"

"बहुतेक."

"पाच महिने एक फोन नाही, आणि सुपारी? मुर्ध्याचं विसरलास? तिथे तर बायको आत भजी तळत होती." मग ती माझ्या हातात परत देत म्हणाला, "तुला जे वाचायचंय ते तू वाचतोस, सुधीर. पहिल्यापासून."

यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. कधी तो म्हणतो म्हाताऱ्याला समजत नव्हतं, तेव्हा मी भांडतो. कधी मीच तसं म्हणतो, तेव्हा तो म्हणतो, "मग गुठळ्यांचं कसं समजलं?"

माघात गुरुजींच्या मुलानं त्यांना चिपळूणला नेलं. मी भेटायला गेलो तेव्हा ते पडवीत खुर्चीवर होते. मला ओळखलं नाही. कुठून आलात, असं अहोजाहो करून विचारलं.

"भाईंदरहून. इंद्रलोक."

"खाडीच्या कुठल्या तीराला?"

"दक्षिण."

"मग बरोबर आलात," ते म्हणाले आणि माझा हात धरून ठेवला. मला सुपारीचं विचारायचं होतं. तासभर मी बसलो होतो. उठताना विचारीन, असं ठरवलं, आणि उठलो तेव्हा ते झोपले होते. त्यानंतर पंधरा दिवसांनी ते गेले. मला तिसऱ्या दिवशी कळलं. मी मुलगा नव्हतो, शिष्यही नव्हतो; सुतक पाळायचा मला अधिकार नव्हता. तेरा दिवस मी शिरा खाल्ला नाही. अनिलनं केलाही नाही.

आपल्याकडे आमच्या लग्नाचा कायदा अजून झालेला नाही. सुपारी देवघरात पितळी डबीत आहे. दर श्रावणात सत्यनारायण मीच वाचतो, अनिल शेजारी पाटावर बसतो, आणि पत्ता आम्ही खरा सांगतो.