आग्रहाचा मेल

आमच्या घरात लग्नाची आमंत्रणं कोण करणार, असा प्रश्न कधी पडलाच नाही. सासरे. आमच्या राजपुरा मोहल्ल्यातलं एक घर त्यांच्या हातून सुटल्याचं कुणी दाखवून द्यावं. आधी पत्रिका, मग फोन, आणि पंगतीच्या दिवशी पुन्हा दारात माणूस: चला, पानं मांडलीत. एवढं झाल्याशिवाय आमच्याकडे आमंत्रण पोचलं असं धरतच नाहीत.

शाळेतली नोकरी सोडून मी शाहपूर रोडवरच्या आमच्या शेडमध्ये केळ्याचे वेफर्स करायला घेतले, त्याचं दुसरं वर्ष चालू होतं. जवळच्या दापोरा गावच्या बायका कामाला यायच्या. माल चांगला, गिऱ्हाईक नाही. दिवाळीच्या तोंडावर सासरे म्हणाले, एक गोदामवाला शेड मागतोय, ही दिवाळी बघू, नाहीतर देऊन टाकू. रागानं बोलले असते तर मी भांडले असते. ते मायेनं बोलले, तेच जास्त लागलं.

तेव्हा सगळा व्यापार हळूहळू मोबाईलवर यायला लागला होता. बाहेरगावच्या दुकानदारांना मेल करायचे असं मी ठरवलं. पत्ते गोळा करायचं काम सासऱ्यांनी आपणहून घेतलं, तेव्हा मला भरून आलं. आणि पत्ते बघितल्यावर, काय सांगू, डोकंच फिरलं. इंदूर-खंडव्याचे दुकानदार होतेच, पण सोबत बँकेतले साहेब, व्याही, पावरलूमवाले, माझ्या नवऱ्याचे कॉलेजचे मित्र, गुडघ्याचे डॉक्टरसुद्धा. कोणी सुटायला नको, म्हणाले. वर एकाच आठवड्यात तीनदा पाठवायला लावलं. एकदा बोलावून कोण येतं?

मेल गेले आणि काही म्हणजे काही झालं नाही. शेवटी मी इंदूरच्या एका दुकानदाराला फोन लावला. मेल आलाच नाही, म्हणाला. शोधायला लावलं तेव्हा स्पॅममध्ये सापडला, लॉटरीवाल्या ठगांच्या शेजारी. माझा जीव जळला.

ज्या कंपनीमार्फत आम्ही मेल पाठवत होतो, तिथल्या माणसाला मी फोनवर चांगलंच झाडलं. तो बिचारा शांतपणे सांगत राहिला. न मागता मेल आला की लोक स्पॅमचं बटण दाबतात, आणि बऱ्याच जणांनी दाबलं की ज्यांना हवाय त्यांचाही अडतो. शिवाय मेल खरोखर आमच्याकडूनच येतोय याची खूण वेबसाईटच्या सेटिंगमध्ये आम्ही लावलेलीच नव्हती. ती त्यानं लावून घेतली. बाकीचं आमच्या हातात होतं. हो म्हणतील त्यांनाच पाठवायचं, आणि खाली लिहायचं, नको असल्यास इथे दाबा.

हे मी सासऱ्यांना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

"बेटा, आपणच लोकांना म्हणायचं, नको असेल तर येऊ नका?"

माझा पारा चढला. "बाबा, आपण दिसेल त्याच्या ताटात वाढत सुटलोय. हवंय का, एवढं तरी विचारू."

दुसऱ्या दिवशी सासरे चष्मा लावून फोन घेऊन बसले आणि एकेकाला विचारू लागले, मेल पाठवू का? आयुष्यभर आग्रह केलेला माणूस तो, त्यांना तोंडावर नकार ऐकायची सवय कुठली. व्याह्यांनी तर हसत सांगितलं की स्पॅमचं बटण त्यांनीही दाबलं होतं. सासऱ्यांनी चहा घेतला आणि पुढचा नंबर लावला. थोडेच लोक उरले, पण ते विचारत होते, तिखट आहेत का, किती दिवस टिकतात. मला त्या दिवशी सासऱ्यांचा फार अभिमान वाटला.

त्या उरलेल्यांना मी मेल पाठवला, एकदाच. दुसऱ्या दिवशी दुपारी शेडमध्ये असताना इंदूरच्या दुकानदाराचं उत्तर आलं. दिवाळीसाठी डबे हवेत, आणि पुढे दर महिन्याला माल. बायकांना सांगून मी बाहेर धावले. सासरे नुकतीच स्कूटर लावत होते. मी तिथेच मोठ्यानं वाचून दाखवलं.

"छान झालं," ते म्हणाले. "गोदामवाल्याला मी मना करून आलो."

"पण बाबा, ऑर्डर तर आत्ता आली."

"हो," म्हणाले, "मी सकाळीच गेलो होतो."