ताटलीत मरते, तोंडात जगते

नोकरीला लागले तेव्हा आईने सगळ्या नातेवाइकांना कळवलं, की मुलगी मोठ्या हॉस्पिटलात औषधांचं काम करते. ते अगदीच खोटं नव्हतं. लोकांच्या तोंडातली, घशातली बुरशी ताटलीत वाढवायची, तिच्यावर औषध ठेवायचं आणि ती मरते का जगते ते बघायचं, हे माझं काम. वाक्याचा पहिला अर्धा भाग आईला चारचौघांत सांगवत नसे, म्हणून तिने फक्त दुसरा ठेवला.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम निवृत्तीला आलेल्या होत्या, सदाशिव पेठेत वाढलेल्या होत्या आणि शब्द फुकट घालवत नसत. कामाची पद्धत तशी सोपी होती. चपट्या ताटलीत निळसर जेली असायची. पावाच्या यीस्टची चुलत बहीण शोभेल अशी, पण माणसाला आजारी पाडणारी यीस्ट तिच्यावर एकसारखी फासायची आणि वर औषध शोषलेली, टिकलीएवढी कागदी चकती ठेवायची. ताटली उबेत ठेवली की दुसऱ्या दिवशी तिच्यावर पांढरी साय धरे. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवती स्वच्छ गोल राही. नसेल तर साय थेट चकतीला जाऊन भिडे. कधी गोलाची कड धूसर असायची आणि तो कुठून कुठे मोजायचा यावर मॅडमचा आणि माझा वाद व्हायचा. वाद म्हणजे मी बोलायचे आणि मॅडम माझ्याकडे बघायच्या.

त्या दिवसांत धायरीचे एक सर आमच्याकडे आले. एका शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले. शेतकरी घरातले; धायरी तेव्हा गाव होतं तेव्हापासून तिथे राहणारे. शिकायला शहरात आले तेव्हा त्यांच्या बोलण्यावर वर्गातली मुलं हसली होती म्हणे. मग त्यांनी आपली भाषा अशी घासूनपुसून घेतली की पुढे पेठांतल्या मुलांचे उच्चार तेच सुधारू लागले. मी 'बुरशी' म्हटलं तर त्यांनी माझा 'श' मला परत म्हणायला लावला होता.

सरांना मधुमेह होता आणि तोंडात पांढरी बुरशी झाली होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. चार दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. पुन्हा गोळ्या, पुन्हा तेच. जेवणाला चव नाही, तोंडाची आग होते. शेवटी डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन त्यांना आमच्याकडे पाठवलं: हे औषध या बुरशीवर चालतं का ते पाहावं.

मी नमुना घ्यायला कापसाचा बोळा लावलेली काडी पुढे केली. सरांनी जीभ तेवढी बाहेर काढली. आणखी मोठं तोंड उघडा म्हटलं तर म्हणाले, इतकं पुरे. जिभेवरचं मिळालं ते मी घेतलं.

ताटलीत भलामोठा, स्वच्छ गोल आला. कड इतकी रेखीव की वादाला जागाच नव्हती. औषध उत्तम चालतंय, असा अहवाल गेला. डॉक्टरांनी तेच औषध जास्त दिवस दिलं. सरांचं तोंड पुन्हा पांढरं झालं आणि सर थेट प्रयोगशाळेत येऊन उभे राहिले. तुमची तपासणी चुकली आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. मॅडमनी नवा नमुना घ्यायला लावला. याही वेळी सरांनी जीभच दाखवली. पुन्हा तसाच गोल. सर पुन्हा आले तेव्हा मॅडमनी ती ताटली त्यांच्यासमोर धरली.

सरांनी चष्मा वर करून ती बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, "म्हणजे ही तुमच्या ताटलीत मरते आणि माझ्या तोंडात जगते. याचा अर्थ आपण काय लावता?"

"आपलं तोंड ताटलीपेक्षा सोयीचं आहे," मॅडम म्हणाल्या.

मी मान खाली घालून उगीच काचेच्या नळ्या पुसत राहिले. गोळ्या नियमित घेता ना, असं मॅडमनी विचारलं. गृहपाठ तपासण्यात माझा जन्म गेला, तो न करणाऱ्यांतला मी नव्हे, असं उत्तर आलं. दोघंही एकमेकांवर खूश दिसत होती. उपाय मात्र कोणालाच सापडेना.

अहवाल न्यायला दुसऱ्या दिवशी सरांच्या पत्नी आल्या. नऊवारी, हातात कापडी पिशवी. नवऱ्याने इतकी भाषा सुधारली पण बाईंनी आपली गावची बोली तशीच ठेवली होती, आणि ते त्या घरात निमूट चालत असणार. त्यांनी पाकीट घेतलं, दाराकडे गेल्या, परत फिरल्या आणि माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाल्या, "ताई, तुमचं औषध दाताखाली पोचतं का?"

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. सरांचे वरचे सगळे दात खोटे होते. कवळी. बाई माहेरी गेल्या असताना सरांनी ती बसवून घेतली होती आणि ते कोणालाही माहीत नाही अशी त्यांची समजूत होती. दात गेले तर त-थ-द-ध जातील, ही त्यांना आयुष्यभराची धास्ती. म्हणून ते कवळी कधी काढतच नसत, झोपतानासुद्धा नाही. धुतली तर न्हाणीघराची कडी लावून, घाईघाईत.

"मग तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"संसार केलाय त्यांच्याबरुबर," त्या म्हणाल्या. "पर मी सांगितलं असं सांगू नका. त्यांना लई लागंल."

मी मॅडमना सांगितलं. मॅडमनी कपाळावर हात मारला नाही, पण तसा विचार केलेला दिसला. कवळीच्या आतल्या बाजूला यीस्टचा चिकट थर बसतो आणि त्या थरात औषध धड शिरत नाही. तोंडातली बुरशी गोळ्यांनी मरत होती आणि कवळीतून रोज नवी येत होती. आमचा गोल खरा होता, सरांची तक्रारही खरी होती. आता कवळी मागायची कशी? डॉक्टरांना कळवलं तर सर विचारणार, तुम्हाला कोणी सांगितलं.

मॅडमनी दुपारी पुठ्ठा आणि जाड पेन मागून घेतलं. संध्याकाळी नमुने घ्यायच्या खोलीबाहेर त्यांच्या सुवाच्य अक्षरातली पाटी लागली: 'तोंडातील नमुना देण्यापूर्वी कवळी, तारा इत्यादी वस्तू काढून सोबत तपासणीस द्याव्यात. हा नियम सर्वांना, म्हणजे आपल्यालाही, लागू आहे.'

सरांना तिसऱ्या नमुन्यासाठी बोलावलं. ते पाटीसमोर थांबले. वाचली, पुन्हा वाचली. मी आत काड्यांची मांडामांड करत होते आणि माझं सगळं लक्ष दाराकडे होतं. शेवटी ते म्हणाले, "शुद्धलेखन बरोबर आहे." मग आत आले आणि दार लावायला सांगितलं.

त्यांनी पाठ फिरवली, रुमालात काहीतरी घेतलं आणि रुमाल माझ्या हातात दिला. वळले तेव्हा त्यांचा वरचा ओठ आत गेला होता आणि ते एकदम खूप म्हातारे दिसत होते. इतके दिवस माझा 'श' सुधारणारा माणूस ओठ मिटून भिंतीकडे बघत उभा होता. मला हसू येईल अशी भीती वाटत होती. ते आलं नाही.

तेवढ्यात मॅडम आल्या. मला वाटलं, आता एखादा टोला पडणार. पण त्यांनी सरांना फक्त असेच प्रश्न विचारले, ज्यांना मानेने उत्तर देता येईल. टाळू दुखते का? गरम खाल्लं की जास्त? सर मान हलवत राहिले. मॅडमना मी इतकं जपून बोलताना पूर्वी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. नमुने घेऊन झाले, कवळी धुऊन परत दिली, ती जागेवर बसली आणि सरांचा पहिला शब्द आला: "धन्यवाद." 'ध' ठणठणीत.

कवळीवरच्या नमुन्यातून साय धो धो उगवली. यीस्ट तीच होती, आणि त्याच चकतीभोवती तसाच स्वच्छ गोल. अहवालाखाली मॅडमनी डॉक्टरांसाठी दोन ओळी लिहिल्या. कवळी रोज रात्री काढून, घासून, औषधी पाण्यात ठेवायची असं ठरलं. दंतवैद्याकडूनही ती तपासून घ्यायची.

सर अहवाल न्यायला स्वतः आले. मॅडम आत गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "रात्री काढावीच लागेल?"

मी हो म्हटलं.

"घरात माहीत नाही," ते म्हणाले. मग अहवालाची घडी घालत, "हसेल ती."

मला सगळं माहीत होतं आणि सांगता येत नव्हतं. नाही हसणार, सर, एवढंच मी म्हटलं. त्यांनी माझा 'श', 'स' काहीच न सुधारता मान हलवली आणि धायरीची बस पकडायला निघून गेले.

महिन्याभराने शेवटच्या तपासणीला दोघं बरोबर आली. सर डॉक्टरांकडे गेले तेव्हा बाई माझ्याकडे येऊन बसल्या. तोंड बरं झालं होतं, जेवण जात होतं, आमटीत मीठ कमी आहे म्हणून कुरकुर सुरू झाली होती. मी विचारलं, सरांनी सांगितलं का?

"सांगितलं की. समोर बसवलं मला, दिवा लावला, मंग सांगितलं. म्हनले, मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली."

"मग तुम्ही काय केलंत?"

"लई नवल केलं," त्या म्हणाल्या. "तोंडाला पदर लावला. म्हनले, राग आला का? मी म्हनलं, आला. दोन दिस मी बोलले न्हाई." आणि सर जिन्यातून येताना दिसले तशा त्या पदर सावरून उठल्या. "लगेच बोललं तर बरं दिसत न्हाई, ताई. माणसानं एवढं जपून लपवून ठिवलेलं असतं."