पाठीवरची कढी

मोटारसायकल मी शिकले ती कार चालवायला मिळावी म्हणून. हे सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, म्हणजे कसं? तेच सांगते.

आमचं घर अनसिंगला. नवरा नोकरीला अकोल्यात, शनिवारी येणार आणि सोमवारी पहाटे जाणार. त्यानं एक जुनी पांढरी कार घेतली. ती आठवडाभर आमच्या अंगणात कडुनिंबाखाली उभी असायची. तिच्या टपावर कोंबड्या बसायच्या, आणि मी ओट्यावर बसून तिच्याकडे पाहत राहायचे. कारण माझी आई रिठदला राहते. तिचे गुडघे गेले आहेत. एसटीची पायरी तिला चढवत नाही, मोटारसायकलवर बसवत नाही. आमच्याकडच्या महालक्ष्म्यांच्या जेवणाला ती दोन वर्षं आली नव्हती. नवरा म्हणायचा, मला सुटी मिळत नाही, भाड्यानं गाडी सांगू, ड्रायव्हर घेऊन येईल. पण परक्या माणसाच्या गाडीत माझी आई कशी बसते ते मला माहीत आहे. अंग चोरून, दाराला चिकटून. घसा सुकला तरी "जरा थांबवा" म्हणणार नाही, त्या माणसाला कशाला त्रास म्हणून. तेव्हा मी ठरवून टाकलं की या वर्षी महालक्ष्म्यांना आई येणार, आणि तिला मीच आणणार.

त्यासाठी वाशीमला मोटार शिकवणाऱ्याकडे गेले. तिथल्या सरांच्या पायाखाली त्यांचा वेगळा ब्रेक होता, वेगळा क्लच होता. मी चालवते आहे असं मला वाटायचं आणि निम्मी गाडी त्यांचेच पाय चालवायचे. पण लायसन्स मिळालं. ते पर्समध्ये घालून मी घरी आले ती राणीच्या तोऱ्यात, आणि सासूबाईंपुढे हात केला. कारची किल्ली त्यांच्या कमरेच्या जुडग्यात असायची.

"नाई," त्या म्हणाल्या. "आदी फटफटी, मंग कार."

"काहून वो आत्याबाई? लायसन्स हाय ना माह्याजवळ."

"लायसन्स हाय. पन तू रोडवर कधी होती? तू तं पेटीत बसून होती. काच बंद, वारा नाई, चिखोल नाई, दुसऱ्याचं हॉर्नबी आयकू येत नाई. मी मानसाच्या मांगं फटफटीवर सारा जनम काढला. कारवाल्यानं कसं चालवाव थे मले इचार."

माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, मग विमान चालवणाऱ्यानं आधी पतंग उडवावा का?

सासूबाई गहू निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "उडवला तं वाईट नाई."

नवऱ्याला फोन लावला. तो इतका हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. शेवटी म्हणाला, आईचं ऐक. लांबून शहाणपण सांगायला काय जातं! मी रागानं दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही, आणि तिसऱ्या दिवशी विचारलं की मामंजींची मोटारसायकल चालू आहे का.

चालू होती. मामंजी गेल्यापासून नवरा तिला रविवारी पुसायचा आणि एक चक्कर मारून आणायचा. दोन रविवार मी आमच्या खळ्यात शिकले. नवरा मागून कॅरियर धरून धावायचा, त्याची चप्पल एकीकडे, तो दुसरीकडे, आणि मी कुडाच्या दिशेनं. कुडाला तीनदा भेटून आले. पण ज्या वेळी त्यानं हात सोडला आणि मला ते कळलंच नाही, त्या वेळी मी खळ्याला गोल गोल फिरत इतक्या जोरानं ओरडले की शेजारचे लोक भिंतीवरून डोकावले. माझं वय तेव्हा चाळीसच्या पुढे होतं. लाज वाटायला हवी होती. अजिबात वाटली नाही.

आता मला वाटलं, झालं, किल्ली मिळाली. पण खरी परीक्षा पुढेच होती.

सोयाबीनचं निंदण, म्हणजे खुरपणी, सुरू होतं. निंदायला येणाऱ्या बाया आपापली भाकर आणतात, पण सोबत कढी आमच्या घरची, ही सासूबाईंची जुनी रीत. नवरा घरी नसला की ती कढी ऑटोनं जायची. त्या वर्षी सासूबाईंनी फर्मान काढलं की कढी फटफटीवर जाईल, मी चालवीन आणि त्या मागे कढीचा गंज मांडीवर घेऊन बसतील. गंज म्हणजे आमच्याकडचं पातेलं. वर एक ताटली आणि ताटलीवर फडकं बांधलेलं.

"ज्या दिवशी तुही पाठ कोरडी राहीन," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी किल्ली तुही."

पदरावर हेल्मेट चढवून त्या एका बाजूला पाय सोडून बसल्या आणि आम्ही निघालो. पहिल्याच दिवशी पुलाजवळ कुत्रं आडवं आलं, मी कचकन ब्रेक मारला, आणि कोमट कढी माझ्या पाठीवरून थेट कमरेपर्यंत उतरली. मी किंचाळले. मागून शांत आवाज आला, "कुत्रं लय दुरून दिसून राह्यलं होतं."

शेतात पोचलो तर बाया धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, वाट पाहत होत्या. त्यांनी गंजात पाहिलंच नाही, त्यांनी माझ्या पाठीवर पाहिलं. त्यांतली एक म्हणाली, "काय वो बाई, आमच्या वाटची कढी तुमची पाठच पिऊन राह्यली!" तेव्हापासून हा रोजचा खेळ झाला. मी गाडी उभी केली की त्या मला पाठ फिरवायला लावायच्या आणि आज आपल्याला किती कढी मिळणार ते माझ्या ब्लाउजवरून ओळखायच्या. एका खड्ड्याच्या दिवशी त्यांनी कोरडी भाकर मिरचीसोबत खाल्ली आणि मला इतकं टोचून बोलल्या की त्यांच्या भीतीनंच मी दुसऱ्या दिवशी सगळे खड्डे पाठ केले.

मधेच एकदा मसाल्याचे डबे शोधताना फळीवर मला फिरकीच्या झाकणाचा मोठा स्टीलचा डबा सापडला. उलटा केला तरी थेंब गळणार नाही असा. मी तो घेऊन सासूबाईंपुढे उभी राहिले. त्यांनी डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "त्यात कढी बराबर लागत नाई." आणि तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. मलाही हसू आवरेना. माझे सगळे ब्लाउज हळदीनं वाया गेले होते आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात वेड्यासारख्या हसत होतो.

पण मोटारसायकलनं मला एक गोष्ट दाखवली, ती सरांच्या पेटीत कधी दिसली नसती. एका दिवशी एक कार मागून भरधाव आली आणि डबक्यातून तशीच गेली. चिखल माझ्या तोंडात, सासूबाईंच्या लुगड्यावर, कढीच्या फडक्यावर. मी त्या माणसाला जे म्हटलं ते इथे लिहिता येणार नाही.

"कोन होता?" सासूबाईंनी विचारलं.

"कोन जाने! त्याले आपन दिसलोच नाई."

"हं," त्या म्हणाल्या. आणि हातानं फडक्यावरचा चिखल पुसू लागल्या. मला तर वाटत होतं, आता भाषण होणार.

डाग हळूहळू लहान होत गेला. ताटाएवढा होता तो वाटीएवढा झाला, मग रुपयाएवढा. पण निंदणही संपत आलं होतं. निंदण संपलं की कढी संपणार, कढी संपली की परीक्षा संपणार, आणि महालक्ष्म्या तोंडावर आलेल्या. शेवटचा दिवस उजाडला. रस्त्यात बकऱ्यांचा कळप लागला, ट्रॅक्टर लागला, एक म्हातारा सायकलवरून हात न दाखवता वळला. मी सगळ्यांना दुरूनच ओळखत गेले, गिअर उतरवत गेले. धुऱ्याशी थांबले तर सगळ्या बाया खुरपी टाकून आल्या. मी डोळे मिटून पाठ फिरवली. पाठ कोरडी होती. असा गलका झाला की झाडावरचे बगळे उडाले. त्या दिवशी त्यांनी पोटभर कढी खाल्ली. सासूबाईंनी तिथेच जुडग्यातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली.

मोटारसायकलची सवय मात्र कारमध्ये नडली, हेही सांगायला हवं. वळणावर मी सगळं अंग कलंडवायचे. गाडी थांबली की माझा डावा पाय जमीन शोधायला उठायचा. कारमध्ये जमीन कुठली! क्लच सुटायचा आणि गाडी बेडकासारखी उडी मारून बंद पडायची. नवरा म्हणायचा, आता हिला आधी बैलगाडी शिकवा.

महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी मी आणि सासूबाई वाशीम ओलांडून रिठदला गेलो. आई दारात तयार होऊन बसली होती, मांडीवर दह्याचं गाडगं. लेकीच्या घरी रिकाम्या हातानं कसं जायचं, जेवणातल्या कढीला दही नको का! तिला हाताला धरून मागच्या सीटवर माझ्या मागे बसवलं. सासूबाई माझ्या शेजारी. थोडं पुढे गेल्यावर एक मोटारसायकल दिसली, बाई मागे पोतडी धरून बसलेली, आणि त्यांच्या बाजूला पाण्यानं भरलेला मोठा खड्डा. मी गाडी हळू केली, त्यांना पुढे जाऊ दिलं, मग सावकाश पाणी ओलांडलं. सासूबाईंनी हात लांब केला आणि माझ्या पाठीवरून फिरवला.

"काय पाह्यता वो ईनबाई तिची पाठ?" आईनं विचारलं.

"काई नाई. कोरडी हाय."

माझे डोळे भरून आले आणि मी पुढचा रस्ता नीट दिसावा म्हणून ते पटकन पुसले. तेवढ्यात मागून आई म्हणाली, "पोरी, थांबव वो जराशी. पानी पियाचं हाय मले."

आई म्हणाली, थांबव! मला एवढा आनंद झाला की गाडी कडेला घेतल्याबरोबर डावा पाय जमीन शोधायला उठला, गाडीनं उडी मारली, आणि गाडग्यातलं दही सीटच्या फटीतून माझ्या खांद्यावर आलं.

सासूबाई हसून हसून खिडकीला टेकल्या. आईला काहीच कळलं नाही, तरी तीही हसायला लागली. मग तिनं मागून पदरानं माझा खांदा पुसला, तांब्याभर पाणी प्यायली आणि मागे रेलून बसत म्हणाली, "चाल आता. पुढं अजून एक डाव थांबवजो."