पट्टा बदलल्याशिवाय नाही

आमच्या ह्यांनी निवृत्तीनंतर काय करावं, तर एक जुनी डिझेल गाडी आणून दारात उभी केली. साधी गाडी नव्हे. आत झोपायला पलंग, छोटासा ओटा, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, खिडक्यांना पडदे. जालन्याच्या कुणा हौशी माणसानं ती तशी बनवून घेतली होती आणि हौस फिटल्यावर विकायला काढली होती. हे जन्मभर पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून. साहेबांची सही झाल्याशिवाय टाचणीही न हलवणाऱ्या माणसाला हे कुठून सुचलं, देव जाणे. देऊळगाव राजातल्या आमच्या अरुंद गल्लीत गाडी शिरली तेव्हा शेजारणी विचारायला लागल्या, "काकू, काकाले घरातून काढलं का काय?" मीही हसून घेतलं. मनातून मात्र मला ती गाडी पहिल्याच दिवशी आवडली होती. आता कुठं कुठं जायचं याचे बेत मी पोळ्या लाटताना करत असे.

दोन गल्ल्या सोडून माझी थोरली बहीण राहायची. तिला आम्ही अक्का म्हणतो. न्हाणीघरात पाय घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण तिला नीट बसता येईना. रिक्षा नको, बस नको, मोटार नको. बसलं की कळ थेट डोक्यात जाते म्हणायची. ती पलंगावर आणि पलंग खिडकीशी, असं तिचं चाललं होतं. मुलगा पुण्याला, इथे सांभाळायला एक बाई आणि वरून मी.

गाडीची बातमी तिच्यापर्यंत पोचली तेव्हा तिनं मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "त्याच्यात निजता येते म्हनतात, खरं काय?"

"हो. चांगला गादीचा पलंग आहे."

"मंग मले बीबीले ने."

बीबी आमचं माहेर. आमच्या वडिलांचं तिथे कापडाचं लहानसं दुकान होतं आणि बाजाराच्या दिवशी अक्का गल्ल्यावर बसायची. कोण गिऱ्हाईक कुठल्या गावचं, हे ती नुसतं बोलण्यावरून ओळखायची. दुकान केव्हाच गेलं, भाऊही गेला. आता तिथे एकटी भावजय असते. मी म्हटलं, अगं, एवढीच ओढ आहे तर अ‍ॅम्ब्युलन्स करू की. त्यावर ती जी भडकली!

"अ‍ॅम्ब्युलन्समधून माहेरी जाऊ? भावजय दारातच गळा काढीन ना! साऱ्या बाजाराले वाटीन, म्हातारी आनली पोचवाले. मले पाहाले जायचं हाये, दाखवाले नाही."

तर ठरलं. बाजाराच्या दिवशी गाडी बाजाराच्या कडेला उभी करायची, पडदे सरकवायचे आणि अक्कानं आडवं पडून बाजार पाहायचा. ओट्यावर मी चहा करणार होते. अक्कानं नेसायचं लुगडंही काढून ठेवलं. आजारी माणसाला असं काही हाती लागलं की त्याच्या जेवणावरूनच कळतं. ती अर्धी भाकर जास्त खायला लागली.

आणि मग आमच्या ह्यांनी मिस्तरीला विचारलं. विचारायची गरज होती का? पण न विचारता पाऊल टाकतील ते हे कसले! मिस्तरी बसस्टँडमागं गॅरेज चालवतो, हाताचा चांगला आहे. त्यानं बोनेट उघडून पाहिलं आणि म्हणाला, "काका, या इंजिनात साखळी नसते, पट्टा असते. टायमिंगचा पट्टा. चालता चालता तुटला तं इंजिन आतल्या आत कुटलं जाते. कवा बदलला होता?"

हे कसं सांगणार? जुन्या मालकाला फोन केला, तर तो म्हणाला, "बदललेला असेल." या 'असेल'नं घात केला. जन्मभर कागदावर बोट ठेवून बोलणाऱ्या माणसाला 'असेल' पचेना. ह्यांनी जाहीर करून टाकलं, "पट्टा बदलल्याशिवाय अक्कांना गाडीत बसवायचं नाही. दुसरबीडच्या पुढं रस्त्यात गाडी बंद पडली तर त्यांना उन्हात कुठं ठेवायचं? उचलायचं कुणी?"

बोलणं काही वावगं नव्हतं. तेच तर दुखणं आहे. आमच्या घरात चुकीच्या गोष्टीवर मी चांगली भांडते, पण बरोबर बोलणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं ते मला कधी आलं नाही.

पट्टा गावात मिळेना, जालन्यातही मिळेना. मिस्तरीनं मागवला तो आला, पण रुंदीला कमी निघाला. तो परत गेला. दुसरा यायचा तर पितृपंधरवडा लागला, आणि त्यात गाडी खोलायला मीच नको म्हणाले. ह्यांना नावं ठेवताना हे मी सोयीनं विसरते. मग बालाजीची यात्रा भरली आणि गल्लीच्या तोंडाशी खेळण्यांची, पेढ्यांची दुकानं लागली. गाडी बाहेर काढायची सोय राहिली नाही. एवढ्या काळात हे रोज सकाळी दार उघडून आत बसायचे आणि बॅटरी उतरू नये म्हणून गाडी सुरू करायचे. एका झटक्यात सुरू व्हायची. धडधडत उभी राहायची. समाधान झालं की हे ती बंद करून चहाला यायचे. मी एकदा म्हटलंही, "अहो, एवढी चालतेय तर न्या की हळूहळू." त्यावर, "सुरू होणं वेगळं आणि चालणं वेगळं." पुढं मी काही बोलले नाही. आज वाटतं, बोलायला हवं होतं. आदळआपट करायला हवी होती. एरवी मीठ कमी पडलं तरी घर डोक्यावर घेणारी मी, नेमकी तेव्हाच कशी शहाण्यासारखी वागले?

बरोबर मापाचा पट्टा आला तो ऐन खंडेनवमीला. मी आणि हे गॅरेजवर गेलो, तर मिस्तरीनं सगळे पाने, हातोड्या धुऊन पुसून पाटावर मांडलेल्या. हळदकुंकू, झेंडूची फुलं. मधोमध आमचा नवा पट्टा वेटोळं घालून ठेवलेला, त्यालाही कुंकवाचं बोट लावलेलं. "आता हत्यारं पूजेत बसले, काकू," तो म्हणाला. "दसरा झाला की पयलं काम तुमचंच." आम्ही दोघांनी पट्ट्याला मनोभावे नमस्कार केला आणि प्रसाद घेऊन घरी आलो. तेव्हा त्यात काही वेडेपणा वाटला नाही.

दसऱ्याला अक्काचा मुलगा आला. आईला पाहून तो हादरलाच. रोज पाहणाऱ्या आम्हाला दिसलं नव्हतं, ते त्याला दारातून दिसलं. तिला धाप लागत होती. त्यानं पुण्याच्या डॉक्टरांशी बोलून अ‍ॅम्ब्युलन्स ठरवली. मी म्हटलं, अरे, थोडं थांब, गाडी होतेच आहे, एकदा बीबीला जाऊन येऊ दे तिला. "मावशी, तिला श्वास पुरत नाहीये," तो म्हणाला. तोही बरोबरच बोलत होता. माझ्या नशिबी सगळे बरोबर बोलणारेच आले. अक्काला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा ती माझ्याकडं पाहून हसली आणि म्हणाली, "पाह्य, शेवटी अ‍ॅम्ब्युलन्समधूनच चाल्ली मी."

ती पुण्याला गेल्यावर मिस्तरीनं गाडी खोलली. जुना पट्टा काढून हातात घेतला, उलटा वाकवला, दात चाचपले. एक चीर नाही. पाठीवरची पांढरी अक्षरंही पुसलेली नव्हती. "काका, हा तं नवाच दिसून राह्यला. मागच्यानं बदलेलच होता." तो पट्टा ह्यांनी घरी आणला आणि ओसरीवर मांडीत घेऊन बसून राहिले. ओरडावं म्हणून मी बाहेर आले होते, पण त्यांचं तोंड पाहून मला ओरडवेना.

नव्या पट्ट्यावर गाडी कशी चालते ते पाहायला म्हणून आम्ही बीबीला गेलो. बाजाराचाच दिवस होता. गाडी कडेला लावली, हे भावजयीकडं गेले आणि मी मागं जाऊन पलंगावर आडवी झाले. पडदा सरकवला. आडवं पडून बाजार तसा दिसतच नाही. पालांची टोकं दिसतात, डोक्यावरचे रुमाल दिसतात, तारेवरचे कावळे दिसतात. पण ऐकू सगळं येतं. लसणाचा भाव करणारी एक बाई लोणारकडची होती, हे मलासुद्धा कळलं. अक्काला तर एकेकाचं गाव ओळखू आलं असतं. मी तिथे पडल्या पडल्या खूप रडले.

अक्का पुण्याला लेकाकडं आहे. नाकाला ऑक्सिजनची नळी आहे आणि आता तिला हलवायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. पण आवाज तोच, खणखणीत. फोनवर तब्येतीचं बोलणं झालं की ती विचारते, "गाडी झाली का वं?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी तोंड उघडलं होतं खरं सांगायला. झाली म्हटलं असतं, तर ती म्हणाली असती, मग या घ्यायला. म्हणून मी म्हटलं, "नाही गं. पट्टाच मिळत नाहीये."

"मिळंन, मिळंन," ती म्हणाली. "भाऊजींवर चिडू नको तू. थांबते मी."

तेव्हापासून दर फोनला मी पट्टा न मिळण्याचं नवं कारण सांगते. आणि माझं ऐकून तीच माझी समजूत काढते.