तारखेच्या रकान्यात

आमच्या कामात किस्से गोळा करावे लागत नाहीत, तेच आमच्या मागे लागतात! पुण्यात वारज्याला आमची छोटी टीम आहे: मी, रेवती आणि दाते सर. हॉस्पिटलांच्या जुन्या नोंदी आम्ही नव्या सॉफ्टवेअरमध्ये चढवतो. जुन्या नोंदींत तारखा म्हणजे नुसता टाइप केलेला मजकूर. त्याच्या खऱ्या तारखा करून डेटाबेसमध्ये ठेवायच्या. ऐकायला सोपं!

*

माझ्या पहिल्याच आठवड्यात प्रोग्रॅम अडकला. ऑपरेशनच्या तारखेच्या जागी कुणीतरी लिहिलं होतं, ‘गणपती झाल्यावर’.

"सर, याची तारीख कशी करू?"

दाते सरांनी मानही वर केली नाही. "कॉम्प्युटरला विचारा, त्याच्याकडे गणपती दीड दिवसाचा असतो की दहा!"

*

एका आजींचं जन्मसाल नुसतं ‘४५’ होतं. प्रोग्रॅमने धरलं २०४५! वॉर्डातून सिस्टरचा फोन आला, "अहो, तुमच्या हिशोबाने या आजी अजून जन्मल्याच नाहीत. वय बघून डोस द्यायचाय, कुणाला देऊ?"

मी खो खो हसलो. सर हसले नाहीत. "वय उणे दिसलं म्हणून तिने फोन तरी केला. चुकीचं, पण शक्य वाटणारं वय असतं तर?"



*

‘०५/०४’ म्हणजे पाच एप्रिल. प्रोग्रॅमने वाचलं चार मे! आणि ती होती एका आजोबांच्या डायलिसिसची तारीख; त्यांना मेसेजही तसाच गेला होता. चूक लक्षात आली ती पाच एप्रिलच्याच सकाळी. मी तशीच गाडी काढून हॉस्पिटल गाठलं.

आजोबा बाकावर बसलेले! लोणी काळभोरहून पहिल्या बसने आलेले.

"आजोबा, मेसेज नाही मिळाला?"

"मिळाला की! म्हणं पुढल्या म्हैन्यात या. तवर मी ऱ्हाईन का? माझा वार सोमवार हाय. आलो!"

*

ज्या मजकुराची तारीख होत नाही, तो रकाना प्रोग्रॅम रिकामा सोडतो आणि आम्हाला तशा नोंदींची यादी देतो. तिला आम्ही ‘कचरा’ म्हणायचो. एकदा ती फारच लांबली.

"उडवून टाक," मी म्हणालो.

"एकदा वाचते," रेवती म्हणाली.

दुपारी ती लॅपटॉप घेऊन समोर उभी राहिली. चेहरा पांढराफटक. ‘पुढची भेट’ या रकान्यात लिहिलं होतं, ‘गाठीचा रिपोर्ट वाईट. लगेच बोलवा.’ नोंद आठ महिन्यांपूर्वीची. तारीखच नाही, म्हणून त्या पेशंट बाईंचं नाव हॉस्पिटलच्या फोन करायच्या यादीत कधी आलंच नव्हतं.

सर आम्हाला घेऊन थेट हॉस्पिटलात गेले. डॉक्टर मॅडमनी नोंद दोनदा वाचली आणि आमच्यासमोरच फोन लावला. पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"अय्या, डॉक्टर तुम्ही! आठ महिने फोन नाही, म्हटलं सगळं चांगलंच आलं असणार. तेच सांगायला फोन केलात ना?"