बाळारामचा डबा मी गरम करायचो

उशीर झाला, माफ करा.

बाळारामची पुण्यतिथी मंगळवारी होती, आज शनिवार. पण जे सांगायचं आहे त्याला चार दिवसांचा नाही, पंचवीस वर्षांहून जास्त उशीर झालाय.

बाळाराम ड्रायव्हर घरचा डबा खायचा, हे खोटं आहे.

नातीने मोबाईलवर मराठी लिहायला शिकवलं. मी सातवी नापास, चुकलं तर सांभाळून घ्या.

नव्वदनंतरची ती वर्षं. मी कोलाडला हायवेवरच्या एका हॉटेलात भटारी होतो, रोह्याहून जाऊन-येऊन. बाळाराम पेणचा, मिठागरात राबलेल्या घरातला. मुंबई-चिपळूण लक्झरी चालवायचा आणि दुपारी जेवायला गाडी आमच्याकडे थांबवायचा.

जो ड्रायव्हर गाडी थांबवतो, त्याचं जेवण फुकट. हायवेची रीतच ती.

आणि साधं जेवण नाही. ड्रायव्हरचं ताट वेगळं. मटणावर बोटभर तर्री, रोटीवर बटरचा गोळा, तळलेली सुरमई, मग भात. त्याचं पोट भरलं तरी शेठ गल्ल्यावरून ओरडायचा, "वस्ताद, ड्रायव्हरसाहेबांना अजून वाढा!"

आठवड्यातून सहा दिवस. कितीतरी वर्षं.

शर्टाची बटणं पोटावर ताणलेली. गाडीच्या तीन पायऱ्या चढला तरी धाप. आम्ही हसायचो.

"बाळाराम, स्टेअरिंग बाहेरच्या बाजूला लावून घे, मध्ये पोट येतंय."

"तुझ्याच हातचं हाय हे, नामा. नाव घाल त्यावर तुझं."

मग पेणच्या डॉक्टरने बीपी बघितलं, रक्त तपासलं आणि दम भरला. बाहेरचं तेलकट बंद म्हणजे बंद.

दुसऱ्या दिवसापासून वहिनी पेणच्या नाक्यावर डबा घेऊन उभ्या. गाडी आली की डबा खिडकीतून आत. तांदळाची भाकरी, दुधी नाहीतर पडवळ. तेल नावाला.

पहिल्या दिवशी त्याने आमच्या टेबलावर डबा उघडला आणि शेठचं तोंड उतरलं. मला बाजूला घेऊन म्हणाला, "ड्रायव्हर आपलं खात नाय, म्हणजे उद्या गाडी पुढच्या हॉटेलात. काय ते तू बघ."

मी घाबरलो. घरी तीन पोरी होत्या.

बाळारामला म्हटलं, "आण, डबा गरम करून देतो."

आत कढईत बटर टाकलं. त्यात वहिनींचा दुधी. वर पळीभर मटणाची तर्री.

पहिला घास घेऊन तो थांबला.

"काय टाकलंस रे?"

"काय नाय. गरम केला."

"गरम केल्यावर दुधी असा लागतो व्हय?"

मी त्याचा पाण्याचा पेला भरायला लागलो.

मग तो हसला. "उद्या भाकरी पण गरम कर."

तेव्हापासून रोज. वहिनींनी विचारलं की तो छाती काढून सांगायचा, "डबा सगळा संपवला." खोटं कुठे होतं त्यात?

डबा मी स्वतः घासायचो. सोडा टाकून, कढत पाण्याने. झाकणाच्या खाचेतसुद्धा तवंग राहायला नको. वहिनी निरोप पाठवायच्या, "नामदेव भावजी, डबा कसा लखलखीत देता. जरा यांनाही शिकवा."

मला रोज भीती वाटायची. रोज ठरवायचो, उद्यापासून नुसता गरम करायचा. रोज शेठ दारात येऊन उभा राहायचा.

डॉक्टरने पुन्हा तपासणीला बोलावलं होतं. बाळाराम गेलाच नाही. म्हणाला, "डबा खातो ना मी. आता काय तपासायचं?"

हे तो मलाच म्हणाला. मलाच.

त्या दुपारी टेबलाशी बसला, पण डबा उघडला नाही. कपाळावर घाम. छाती चोळत म्हणाला, "नामा, पित्त झालंय. सोडा दे."

मी सोडा दिला.

अर्धी बाटली संपायच्या आत तो टेबलावर कलंडला. जीपमध्ये घालून रोह्याला नेला. डॉक्टरने मनगट धरलं आणि मान हलवली.

तो शेवटचा डबा घेऊन मी तेराव्याला पेणला गेलो. वहिनींनी दोन्ही हातांनी धरला.

"भावजी, एवढं एक समाधान हाय. शेवटपर्यंत माझ्या हातचं खाल्लं त्यांनी."

मी "होय" म्हटलं. चहा न घेता निघालो.

आज का लिहितोय?

मंगळवारी बाळारामच्या संतोषने बापाचा हार घातलेला फोटो टाकला. संतोषही गाडीच चालवतो. खाली दुसरा फोटो, हायवेच्या हॉटेलात ताटासमोर बसलेला तो. मटणावर बटर तरंगतंय. लिहिलंय, 'बाबांच्या आवडीचं, बाबांच्या नावाने.'

लोकांनी हात जोडलेत. हार्ट टाकलेत.

मी नातीला म्हटलं, फोटो मोठा कर. ताट बघायचं नव्हतं मला. त्याच्या शर्टाची बटणं बघायची होती.

ती पोटावर ताणलेलीच होती.

संतोष, बाळा, बाबांच्या आवडीचं होतंच ते. पण तो कशाने गेला हे खात्रीने डॉक्टर सांगेल. मी भटारी. कढईत काय पडत होतं, एवढंच मला माहीत आहे.

तू आता बापाच्या तेव्हाच्या वयाचा झालास. सोमवारी पेणला उपाशीपोटी रक्त तपासून घे. बीपी बघ. छातीत जळजळलं तर पित्त म्हणून सोडा पिऊ नकोस. ड्रायव्हरचं ताट आलं तर हात जोड आणि साधा वरणभात माग. भटाऱ्याला राग आला तर येऊ दे.

आणि हे सगळं वहिनींना वाचून दाखव. त्यांच्यासमोर बसून सांगायची माझी हिंमत नाही. त्या जे बोलतील ते मला तसंच्या तसं सांग.

बाळाराम, तू हसून सोडून दिलं असतंस. मला ते जमत नाही. नमस्कार, गड्या.

संतोष, कमेंट नको, फोन कर. रिपोर्ट कसाही येवो, येईल त्याच दिवशी कळव. मी फोन हातात घेऊनच बसलोय.