घुंडीला हात न लावणाऱ्या वकीलबाई

अमरावतीच्या नेमबाजीच्या रेंजवर माझ्या शेजारी एक वकीलबाई सराव करतात. लांबच्या निशाण्यापर्यंत गोळी खाली येते, म्हणून रायफलीवरच्या दुर्बिणीची घुंडी फिरवून नेम उचलावा लागतो. मी गोळीगणिक फिरवतो. बाई डाफरतात, "आधी स्वतःचा श्वास पाहा नं! तो हालला तं गोळी कुठंही जाते."

अकोल्याच्या स्पर्धेत त्यांची पहिलीच गोळी खाली गेली. त्यांनी घुंडीला हातही लावला नाही. पुढच्या दोन्ही गोळ्या नेमक्या तिथेच, खाली लागल्या. तेव्हा कुठे "श्वास बरोबर हाय" असं पुटपुटत त्यांनी घुंडी फिरवली. नंतरच्या सगळ्या मधोमध. पदक मात्र हुकलं.

परतताना बसमध्ये मी हळहळलो. बाई म्हणाल्या, "पयलेच फिरवली असती तं लागलीही असती. पण काहून लागली, हे मले कधीच समजलं नसतं."